पूजेला मशीन शांत लागतं

कॉम्प्युटर बंद पडलेला माणूस फोनवर पहिलं वाक्य काय बोलणार, हे मला इतकं पाठ झालंय की त्याने तोंड उघडायच्या आत मी ते मनात म्हणून टाकते. "मॅडम, आम्ही काहीच केलं नाही." कारखानदार असो, क्लासवाला असो की सोसायटीचा चेअरमन, सगळ्यांचं हेच. कुणी म्हणून कधी काही केलेलं नसतं. चांगला चालणारा कॉम्प्युटर आपणहून उठतो आणि यांच्यावर सूड उगवायला बिघडून बसतो.

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या लहान कारखान्यांचे आणि ऑफिसांचे कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. मोठ्या कंपन्यांना या कामासाठी गळ्यात पट्टे घातलेली स्वतःची माणसं असतात. माझी गिऱ्हाइकं म्हणजे एका शेडमध्ये पत्रा दाबायचे चार प्रेस टाकून बसलेले मालक. गेटवर मी स्कूटर लावली की वॉचमन विचारणार, "इंजिनिअर मागून येतायत का?" मीच इंजिनिअर, असं सांगितलं तरी तो रस्त्याकडे एकदा बघून घेणार. सुरुवातीला राग यायचा. पुढे मीही रस्त्याकडे बघायला लागले, म्हटलं, येत असेल तर येऊ दे बाबा, मला तेवढीच मदत.

या धंद्यातला सगळ्यात छळवादी आजार म्हणजे अपडेटनंतर कॉम्प्युटर सुरू होताना मध्येच अडकणं. बटण दाबलं की कंपनीचं चिन्ह येतं, खाली ठिपक्यांचं कडं फिरायला लागतं आणि फिरतच राहतं. पुढे काही नाही. बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगते. कॉम्प्युटर सुरू होणं म्हणजे कारखान्यात पहिली शिफ्ट चालू होणं. आधी वॉचमन कुलूप काढतो, मग दिवे लागतात, मग कंप्रेसर, मग प्रेस. यातला एक जरी जागेवर नसला तर बाकीचे त्याची वाट बघत उभे राहतात. ठिपके फिरतायत म्हणजे आत कुणीतरी कुणाचीतरी वाट बघतंय. ते कोण, हे शोधायचं म्हणजे आमचं काम.

आणि अपडेट म्हणजे राहत्या घरात फरशी बदलणं. जुनी फरशी उपटली, नवी बसायची आहे, आणि तेवढ्यात तुम्ही गवंड्याला हाकलून दिलंत, तर पाय कुठे ठेवणार? म्हणून तर पडद्यावर ठळक लिहिलेलं असतं, की बंद करू नका. पण पडद्यावरचं वाचायचं नाही, हा आपल्याकडचा अलिखित नियम. पडद्यावर काही आलं की ते वाचायच्या आधी घालवायचं.

रहाटणीत एक क्लासवाले सर होते. अडकलेला कॉम्प्युटर घेऊन त्यांनी तीन तज्ज्ञांचा सल्ला घेतला होता: मेहुणा, मेहुण्याचा मित्र आणि मोबाइलवरचा एक व्हिडिओ. तिघांचंही एकमत होतं, "विंडो मारून घ्या." म्हणजे आतलं सगळं पुसून नव्याने भरा. आमच्या पट्ट्यात डोकं दुखलं की डोकंच बदला, असे वैद्य गल्लोगल्ली आहेत. मी गेले, मागे वाकून बघितलं, तर एक पेनड्राइव्ह खोचलेला. मशीन सुरू होताना आधी त्यात काही आहे का म्हणून बघत बसलं होतं. मी तो काढला, कॉम्प्युटर सुरू झाला. सर नाराज. "एवढंच होतं?" असं म्हणाले, जणू मी त्यांना फसवलं. मी घाम गाळला असता, स्क्रू सांडले असते, तर ते खूश झाले असते.

पण सांगायचंय ते महाळुंग्याच्या सोपानशेठबद्दल. आणि त्याहून जास्त, वंदनाबद्दल.

सोपानशेठ महाळुंग्याचेच, जुन्या शेतकरी घरातले. जमिनीवर कारखाने आल्यावर त्यांनी उरलेल्या तुकड्यावर स्वतःची शेड टाकली आणि एका मोठ्या कंपनीला पत्र्याचे लहान भाग पुरवायला लागले. माणूस कष्टाळू, हे कबूल करते. पण आपल्याला कळत नाही असं जगात काही आहे, हे त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. वंदना त्यांच्याकडे डिस्पॅच बघायची. बीडकडची, नवरा वारल्यावर मुलीला घेऊन भावाच्या ओळखीने इकडे आलेली. महाळुंग्यातच एका खोलीत राहायची. मुलगी दहावीत. माल भरला की त्या मालाची बारकोडची लेबलं कॉम्प्युटरवरून काढायची, खोक्यांवर चिकटवायची आणि गाडी सोडायची, हे तिचं काम. लेबल नसेल तर मोठ्या कंपनीच्या गेटवर खोकं आत घेत नाहीत, मग आत सोनं का असेना.

हा कॉम्प्युटर बारा महिने चालू असायचा. शेठचा हुकूमच होता, "बंद करायचा न्हाई. परत चालू व्हाया येळ खातो." वीज गेली तरी बंद पडू नये म्हणून त्याला वेगळा इन्व्हर्टर जोडलेला. बिचारा कॉम्प्युटर अधूनमधून विचारायचा, अपडेट आलंय, आता करू का नंतर? वंदना "नंतर" दाबायची. तिचा काय इलाज? मी दर फेरीला शेठना सांगायचे, आठवड्यातून एकदा तरी बंद करून चालू करा. शेठ "व्हय व्हय" म्हणायचे आणि मला चहा पाजायचे. असं ते अपडेटचं गाठोडं साचत गेलं.

वर्षातून एकच दिवस असा, की ज्या दिवशी आमच्याकडे सगळी मशिनं बंद होतात. खंडेनवमी. त्या दिवशी शेड धुतात, प्रेस पुसून लख्ख करतात, मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, समोर नारळ. ज्याचं मशीन त्याने पूजा करायची, हा रिवाज. वेल्डर आपल्या वेल्डिंग सेटची करतो, प्रेसवाला आपल्या प्रेसची. आणि एकदा पूजेला मांडलेलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नाही. मला हा सण आवडतो. वर्षभर ज्याला लाथा घालून चालवलं त्याच्यापुढे एक दिवस हात जोडायचे, यात निदान लाज तरी आहे.

त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचा फोन आला. "मॅडम, कॉम्पुटर अडाकलाय. आमी काय बी केलं न्हाई. लगी या. दुपारी गाडी सुटली न्हाई तर पुढं कंपनीची लाइन थांबंल, अन् मग माझं काय खरं न्हाई."

मी पोचले तेव्हा वंदना गेटजवळच्या बाकावर डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. एरवी मला बघितलं की ती उठून पाणी आणायची. त्या दिवशी उठली नाही. मी विचारलं, आत का नाही? तर म्हणाली, "शेठनी हात लावू नको म्हणलंय, मॅडम. घरी जा म्हणले. मी म्हणलं, हिशेब झाल्याबिगर कशी जाऊ?"

आत गेले. टेबलावर झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या, कॉम्प्युटरच्या डब्यावर हळदीकुंकू, आणि पडद्यावर ठिपके गोल गोल फिरतायत. शेठ, सुपरवायझर गायकवाड आणि हात थांबलेले पाचसहा कामगार भोवती उभे. मी विचारलं, काय झालं?

"काय व्हायचंय?" शेठ सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "त्या बाईनं पूजा केली. म्या तवाच म्हनत हुतो, तिच्या हातनं हळदीकुंकू नगं. पण रिवाज म्हून गप बसलो. घात झाला बगा."

गायकवाडने मान हलवली. कामगारांपैकी कुणी वर बघितलं नाही. माझ्या कानाची पाळी तापली. या माणसाच्या खिशात महागातला मोबाइल, शेडवर कॅमेरे, दारात नवी कोरी मोटार, आणि कॉम्प्युटर का अडकला तर म्हणे विधवेने कुंकू लावलं म्हणून! पण आधी मशीन. भांडायला बसले असते तर गाडीही राहिली असती आणि तिचं खापर पुन्हा वंदनाच्याच डोक्यावर फुटलं असतं.

गायकवाड म्हणाला, "मॅडम, सरळ विंडो मारून टाका ना, विषय संपला."

"आणि लेबलांचे नमुने? कंपनीचे कोड? ते कुठे ठेवलेत तुम्ही?"

"ते ह्यातच हायत."

"मग विंडो मारल्यावर ते जातील तुमच्या सासुरवाडीला," मी म्हटलं.

अशा वेळी आमचा एक शिरस्ता असतो. आधी माहिती वाचवायची, मग मशीन. डिस्क काढून मी माझ्या लॅपटॉपला जोडली आणि वंदनाचं सगळं काम उतरवून घेतलं. मग डिस्क परत बसवली. लेबलचा प्रिंटर, स्कॅनर, जे जे मागे खोचलं होतं ते सगळं काढलं, नुसता कीबोर्ड आणि माऊस ठेवला. कारण सुरू होताना मशीन यातल्याच एखाद्यापाशी अडलेलं असू शकतं. तसं नव्हतं. ठिपके फिरतच राहिले. मग मी पुढचं विचारलं, जे खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवं.

"शेठ, खंडेनवमीला हा बंद कसा केला?"

इथे शेठची छाती जरा फुगली. "आता इचारलं ना, तर आयका. बाईनं बंद केला, तर ह्यो बंदच व्हईना. निस्तं फिरतंय. बाई म्हनती, थांबा, बंद करू नका असं लिवलंय. आता भटजी खोळंबलेला, म्हुर्त चाललेला, किती थांबायचं? म्या सोता जाऊन मेन पाडला. तरी ह्ये इन्व्हर्टरवर चालूच. मग इन्व्हर्टरची पिन बी उपाटली. तवा कुठं गप झाला. पूजेला मशीन शांत लागतं, मॅडम."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. काहीच न केलेल्या माणसाने किती केलं होतं बघा. वर्षभर साचलेलं अपडेट त्या दिवशी पहिल्यांदा कामाला लागलं होतं. फरशी उपटून झालेली, नवी बसायची होती. आणि या गृहस्थाने गवंड्याला नुसतं हाकललं नाही, घराची वीजही तोडली. एवढं करून मग फुलं वाहिली.

पुढचं काम कौशल्यापेक्षा चिकाटीचं. सुरू होतानाच मशीन मुद्दाम दोनतीनदा बंद पाडलं, की त्याला स्वतःलाच शंका येते आणि ते दुरुस्तीचा पडदा दाखवतं. तिथून शेवटचं अपडेट काढून टाकायला सांगितलं. जमत नाही म्हणालं. मग काळ्या पडद्यावर हाताने हुकूम लिहिला, की जी कामं अर्धी राहिलीत ती सगळी मागे घे आणि आधी होतास तसा हो. पुन्हा ठिपके. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता. शेठ येरझाऱ्या घालत होते. गायकवाडने मनातल्या मनात कुणाचा तरी धावा चालवला असावा, ओठ हलत होते.

ठिपके थांबले. पडदा क्षणभर काळा झाला आणि निळा उजळला. मधोमध एक चौकट आली. पासवर्ड.

"काय आहे?" मी विचारलं.

शेठनी गायकवाडकडे बघितलं. गायकवाडने कामगारांकडे. वर्षातून एकदाच बंद होणाऱ्या मशीनचा पासवर्ड यांना कधी लागला होता?

"बाईला ठावं आसंल," शेठ म्हणाले.

"मग बोलवा."

गायकवाड निघाला तसा मी त्याला थांबवलं. म्हटलं, शेठ, तुम्ही बोलवा. घरी जा कोण म्हणालं होतं? बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. शेठ गेले. वंदना आली, पण खुर्चीत बसली नाही, उभी राहूनच पासवर्ड टाकला. सगळं जिथल्या तिथे होतं. तिने एक लेबल काढून बघितलं, बरोबर आलं. कामगारांत एक सुटकेचा आवाज झाला.

मग मी माझा आवाज चढवला. मला तो चढवता येतो. "सगळे ऐका. कॉम्प्युटर अडकला तो अपडेट चालू असताना वीज तोडली म्हणून. बंद करू नका असं पडद्यावर लिहिलं होतं आणि ते या बाईने वाचून सांगितलं होतं. कुंकवाचा आणि याचा संबंध एवढाच, की ते डब्याला लागलंय आणि आता पुसायला मला त्रास होणार आहे."

शेठ हसले. असलं हसू मी पुष्कळ बघितलंय. "जाऊ द्या, मॅडम. झाला न्हवं चालू? बस बाई, कामाला लाग. गाडी थांबलीया."

वंदना हलली नाही. हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू आलं. "शेठ, सकाळी सगळ्यांसमोर बोललात. आता बी सगळ्यांसमोरच बोला."

मी त्या बाईला इतकी वर्षं ओळखत होते, तिच्या आत हे आहे हे मला माहीत नव्हतं. शेठनी छताकडे बघितलं. पंख्याकडे बघितलं. गाडीवाल्याने हॉर्न दाबून धरला.

"पिन म्या उपाटली," शेठ एकदाचे ओरडले. "झालं समाधान? चला, कामं न्हाईत का तुमाला?"

वंदना बसली. गाडी सुटली. मी घरी येताना चाकणच्या ट्रॅफिकमध्ये सगळा वेळ स्वतःशीच हसत होते. वाटलं, चला, एका माणसाला तरी अक्कल आली. इतकी वर्षं या पट्ट्यात काढून मी असा विचार करावा, म्हणजे कमाल आहे.

पुढच्या खंडेनवमीला शेठचा आपणहून फोन. "मॅडम, औंदा कॉम्पुटरचं काय करू?" मला बरं वाटलं. म्हटलं, चालूच ठेवा, वरून फूल वाहा, त्याला चालतं. दसऱ्यानंतर मी ठरलेल्या फेरीला गेले तर कॉम्प्युटर छान चालू, त्याच्यावर हार. इन्व्हर्टरच्या पिनेलाही हार, आणि वर चिठ्ठी, "हात लावू नये". मी कौतुक केलं. शेठ खुलले. जवळ येऊन म्हणाले, "आन् औंदा बाईला पूजेपास्नं लांबच ठिवलं. भावजयीकडनं करून घेतली. उगं रिस्क कशाला?"

पिनेचं त्यांना पटलं होतं. बाईचं पटलं नव्हतं. वर्षभरापूर्वी ते ओरडले होते ते गाडी थांबली होती म्हणून. मला तेव्हा त्या माणसाची किळस आली, आणि तसं मी तोंडावर सांगितलं. त्यांच्या कारखान्याची फेरी मी त्या दिवसापासून बंद केली. चाकणला माझ्या एका गिऱ्हाइकाला डिस्पॅचला माणूस हवं होतं, तिथे वंदनाचं नाव सांगितलं. तिने राहिलेल्या गाड्या नीट सोडल्या, नव्या माणसाला लेबलं काढायला शिकवलं आणि गेली. जाताना कॉम्प्युटर चालूच होता, कारण तो बंद करायचा नव्हता.

मध्ये काही महिने गेले. एका सकाळी फोन वाजला, आणि सवयीने मी उचलला.

"मॅडम, सोपान बोलतोय. कॉम्पुटर आपुआप बंद हून चालू झाला. आता पासवर्ड मागतोय. आमी काय बी केलं न्हाई."

"नव्या माणसाला माहीत नाही?"

"त्याला कधी लागलाच न्हाई."

"मग वंदनाताईंना विचारा."

"तुमीच इचारा की. तुमचं आयकंल ती."

"नाही शेठ. तुम्हीच विचारा. आणि सगळ्यांसमोर विचारा." मी फोन ठेवला. इतका आनंद मला कुठल्याही मशीनने सुरू होऊन दिलेला नाही.

संध्याकाळी राहवेना, म्हणून वंदनाला फोन लावला. शेठनी केला होता. फोन स्पीकरवर होता, मागे कामगारांचे आवाज येत होते. "वंदनाताई" म्हणाले. माफीबिफी नाही, पण ताई म्हणाले.

"मग? किती वेळ ताटकळत ठेवलंस?"

"कशाला? लगेच सांगितला."

मला तिचा संतापच आला. म्हटलं, अगं, त्या माणसाने तुझ्या कुंकवावर बोट ठेवलं, दोनदा ठेवलं, आणि तू त्याला लगेच सांगून टाकलास? निदान दुपारपर्यंत तरी फिरू द्यायचं होतंस गोल गोल.

वंदना हसली. म्हणाली, "माणसाचं ऱ्हाऊ द्या, मॅडम. पण ते मशीन बिचारं अडकून बसलं असतं. त्यानं तर खरंच काही केलं नव्हतं."